पालीच्या विहिरीतले दोनशे फेरे

१ डिसेंबर १९८६, सोमवार. आत्माराम धनावडेने मांडवी जलक्रीडा मंडळाच्या कचेरीत सत्तावीस रुपये पन्नास पैसे प्रवेश फी भरली, पावतीवरचा आकडा दोनदा वाचला आणि ती घडी करून खिशात ठेवली. तो उठणार तेवढ्यात मंडळाचे चिटणीस हरिश्चंद्रराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "बसा जरा. अर्ज अजून पुरा कुठे झालाय?"

अर्जाच्या तळाशी एक ओळ कोरी होती. सोबतच्या होडीवाल्याचे नाव आणि सही.

मंडळाची शर्यत दर वर्षी फेब्रुवारीत होई. मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून पाण्यात उतरायचं, किल्ल्याच्या डोंगराला समुद्रातून वळसा घालायचा आणि मांडवीच्या जेटीच्या पायरीला हात लावायचा. साडेपाच किलोमीटर, आणि वेळ दोन तास. प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक होडी. होडीवाल्याचं काम वाट दाखवायची, मध्ये लिंबूपाणी द्यायचं आणि धोका दिसला तर माणूस वर घ्यायचा. होडीला हात लागला की शर्यत संपली. पंधरा जानेवारीपर्यंत सही आणा, असं हरिश्चंद्ररावांनी सांगितलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, मिळेल ना कोणी?

"न मिळायला काय झालं," असं आत्माराम म्हणाला खरा, पण गेल्या पंधरा दिवसांत तीन होडीवाल्यांनी त्याला नाही म्हटलं होतं.

आत्माराम रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. वय सत्तेचाळीस. पाली, साखरपामार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी कोणत्या फलाटाला लागते आहे, हे सांगणारा माईकवरचा आवाज गेली अकरा वर्षं त्याचाच होता. आवाज ओळखीचा, माणूस फारसा नाही; खिडकीच्या आतला माणूस कोण बघतो? मूळचा तो पालीजवळच्या एका वाडीतला, शेतकऱ्याच्या घरातला. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो चौदाव्या वर्षी. पोहायला मात्र त्याआधीच शिकला होता, काकाच्या विहिरीत, कमरेला सुक्या भोपळ्यांची जोडी बांधून.

चाळिशी ओलांडल्यावर त्याची पाठ धरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जाता जाता म्हणाले, पोहता येतं ना, मग पोहत जा. आत्मारामने गोळ्या आठ दिवस घेतल्या आणि पोहणं सोडलंच नाही. परटवण्यातल्या भाड्याच्या खोल्यांतून पहाटे सायकल काढायची, पूल ओलांडून भाट्याला जायचं, सुरूच्या झाडाला सायकल टेकवायची, अंगाला खोबरेल चोळायचं आणि पाण्यात शिरायचं. पहिल्या वर्षी किनाऱ्याला धरून पाव किलोमीटर, दुसऱ्या वर्षी एक, पाचव्या वर्षी चार. भरती कधी, हे तो कॅलेंडरवरच्या तिथीवरून काढी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्याप्रमाणे तो ड्यूटी बदलून घेई आणि स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणत, कंट्रोलरच्या बायकोला सुद्धा अशी तिथी लागत नसेल.

पाण्यात तो काय विचार करत असे, असं मथुराने, म्हणजे बायकोने, त्याला एकदा विचारलं होतं. पहिली दहा मिनिटं घरातलंच डोक्यात असे. गॅसचा नंबर, मुलीचं स्थळ, वरिष्ठांनी मागितलेला खुलासा. मग थंडी उतरे आणि हात मोजायला सुरुवात होई. शंभर हात झाले की एक बोट दुमडायचं, असं तो मनातल्या मनात करी. चारशेच्या पुढे विचार उरत नसत. खांदे दुखत, पण ते दुखणं दुसऱ्याच्या घरात वाजणाऱ्या रेडिओसारखं लांबून कळे. दिवसभर लोकांना वाट सांगणाऱ्या माणसाला तासभर कुणाला काही सांगावं लागत नसे. पाठ तर केव्हाच बरी झाली होती.

पावसाळ्यात समुद्र बंद. तेव्हा तो आठवड्यातून तीनदा पहिल्या गाडीने पालीला उतरून काकाच्या विहिरीवर जाई. जांभ्यात खोदलेली गोल विहीर, वीस फूट रुंद, आषाढात काठोकाठ भरलेली. तीत तो दोनशे फेरे मारी. काका आता नव्हता. काकी सोनूबाई काठावर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसे आणि भाचरांना सांगे, आमचा आत्मा बघा, घाण्याला लावल्यासारखा फिरतो.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या वर्षीची शर्यत आली.

१६ फेब्रुवारी १९८६ ला आत्माराम पहिल्यांदा शर्यतीत उतरला. त्याच्या होडीवर भाट्याचा धाकू डोर्लेकर होता. साठीचा खारवी, हाडापेराने मोठा, बोलायला थोडा. किल्ला अर्धा मागे पडला होता, दीपगृह दिसत होतं, चारशेच्या पुढचं ते शांत पोहणं आत्मारामला लागलं होतं. हात सरळ पडत होते. इतकं चांगलं तो आयुष्यात कधी पोहला नव्हता. आणि अचानक काखेत कुणाचा तरी पंजा बसला, खांदा फळीवर आपटला आणि तो होडीच्या तळात जाळ्यातून काढलेल्या बांगड्यासारखा तडफडत होता. "काय करतोस?" असं तो ओरडला. धाकूने वल्ही उचलली आणि होडी मांडवीकडे वळवली.

मांडवीच्या जेटीवर त्याला घोंगडीत गुंडाळलं. कुणी पाठ चोळली, कुणी तोंडात साखर घातली. बुडता बुडता वाचला, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत ते स्टँडवर पोचलं होतं. मी बुडत नव्हतो, असं आत्मारामने पंधरा दिवस प्रत्येकाला सांगितलं. लोक हो म्हणत. हो म्हणण्याची ती तऱ्हाच त्याला सहन होईना. अखेर त्याने मंडळाला पत्र लिहिलं. पोहणारा उत्तम स्थितीत असताना होडीवाल्याने विनाकारण वर ओढले, तरी योग्य ती कारवाई व्हावी. एसटीत तक्रारी अशाच भाषेत येत. योग्य ती कारवाई म्हणजे काय, हे त्याने लिहिताना मनात आणलं नव्हतं.

कारवाई काय झाली ते त्याला यंदा कळलं, मिरकरवाड्याच्या भिकाजीकडे होडी ठरवायला गेला तेव्हा. भिकाजी दोर वळत होता. त्याने मान वर न करता सांगितलं.

"धाकूचा नाव मंडळाच्या यादीतून काढला तुमच्या कागदानं. आमी पण होडीवालेच. उद्या तुमाला वर घेतला तर आमचा पण काढाल."

"मी तसं लिहिलं नव्हतं, भिकाजी."

"मंग काय लिवला हुता? पोरगी देतो म्हणून?"

बाकीच्या दोघांनी इतकंही सांगितलं नाही. होडी दुरुस्तीला आहे, एवढंच म्हणाले.

तेव्हा एक डिसेंबरच्या त्या संध्याकाळी आत्माराम घरी आला तो पावती खिशात आणि कोरी ओळ डोक्यात घेऊन. मथुरा नाचणीची भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली की धाकूकडे जाऊन या, त्यात कमीपणा कसला. आत्माराम म्हणाला, माफी कशाची मागू, मी बुडत नव्हतो. ती म्हणाली, तुम्ही बुडत होता की नव्हता हे मला माहीत नाही, मी जेटीवर होते. पण त्या माणसाला तसं वाटलं म्हणून त्याने हात घातला. नसतं वाटलं नि तुम्ही खरंच बुडला असता तर आज मी कुणाच्या नावाने तक्रार केली असती? त्यानंतर ती जेवणाची पानं घेऊ लागली.

धाकू भाट्याला खाडीच्या काठाला राहत असे. आत्माराम गेला तेव्हा तो उलट्या घातलेल्या होडीच्या भेगांत काथ्या ठोकत होता. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

"धाकूदादा," आत्मारामने सुरुवात केली, "तुमचं नाव काढतील असं माझ्या मनात नव्हतं."

"साहेब लोकांच्या मनात कायच नसता," धाकू म्हणाला. गेल्या वर्षापर्यंत तो कंट्रोलर म्हणत असे. हे साहेब नवीन होतं. "होडीचा पैसा गेला, जाऊ दे. वरसाचा एक दिवस. पण वाडीत पोरं मला काय इचारतात ठावा हाय? धाकूआज्या, जिता माणूस नि बुडता माणूस कसा वळखायचा? बेचाळीस वर्सां मी दर्यात हाय. माणसं काढली ती सगली जिती हायत असा नाय. पण चुकून काडलेला तुमीच एक."

आत्माराम वाळूत बसला. भिकाजीला तुम्ही एक शब्द सांगितलात तर तो येईल, असं त्याने चाचरत सांगितलं. धाकूने थोडा वेळ काथ्या ठोकला. मग हत्यार खाली ठेवून म्हणाला की सांगतो, पण आधी एकदा माझ्यासमोर पोहून दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र सपाट होता. किनाऱ्यापासून दोनशे हातांवर धाकूने होडी उभी केली आणि सांगितलं, किनारा डाव्या अंगाला ठेवा, डोळे मिटा आणि शंभर हात मारा. मी हाक मारीपर्यंत उघडू नका. आत्मारामला हा पोरखेळ वाटला. तरी त्याने डोळे मिटले. हात नेहमीसारखे पडत होते, सरळ, एकामागून एक, पाणी दोन्ही बगलांतून सारखं जात होतं. शंभर झाले. हाक आली. त्याने डोळे उघडले तर डावीकडे किनारा नव्हता, सुरूचं बन नव्हतं, काहीच नव्हतं. फक्त पाणी आणि त्याच्यापलीकडे आभाळ. भाट्ये पाठीमागे होतं.

"परत," धाकू म्हणाला.

चार वेळा तेच झालं. आत्माराम प्रत्येक वेळी ठरवून उजवा हात जास्त ओढी आणि प्रत्येक वेळी त्याचं तोंड आफ्रिकेकडे होई. पाचव्या वेळेनंतर तो पाण्यात उभा तरंगत राहिला.

"त्या दिवशी असाच गेल्तात," धाकू सांगू लागला. आवाजात टोमणा नव्हता. "किल्ला डाव्या अंगाला ऱ्हायला पायजे, तो पाठी गेला. मी तीन हाका घातल्या. वल्हा फळीवर आपटला. तुमी श्वास घेताना तोंड वर काडत हुतात, डोले उघडे हुते, माज्याकडं बगत हुतात. आणि हसत हुतात. हसत हसत भाईर चालला हुतात. अशी माणसं मी बगितलीत, कंट्रोलर. ती वरडत नायत. ती खुशीत जातात."

इतकं चांगलं तो आयुष्यात कधी पोहला नव्हता. हाका त्याला आठवत नव्हत्या. वल्ह्याचा आवाज आठवत नव्हता. त्या दिवसाबद्दल त्याला जे छातीठोक माहीत होतं, ते फक्त एवढंच होतं की हात सरळ पडत होते.

होडीत अंग पुसताना धाकूने विचारलं, पोहायला शिकलात कुठं? विहिरीत, आत्माराम म्हणाला. आणि पावसात? तिथंच, दोनशे फेरे. फेरे कुठच्या बाजूनं? आत्मारामने हाताने हवेत गोल काढून दाखवला, देवळात प्रदक्षिणा घालतो तसा, मधला भाग उजव्या हाताला ठेवून.

"कायम?"

"कायम. उलटं कोण फिरेल? विहीर म्हणजे देवीचं पाणी. लहानपणी एकदा उलटा गेलो तर काकाने काठीने पाठ शेकली होती."

धाकू हसू लागला. आधी खांदे हलले, मग पोट, मग होडी. पाच वर्षं पावसाळाभर दोनशे फेरे, त्याने बोटांवर धरायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. "देवीनं तुमाला पुन्य दिला असंल," तो डोळे पुसत म्हणाला, "पण वाट नाय दिली. दमलात की अंग आपसूक उजवीकडं फिरता. तुमी फेरे घालताय. हिकडं मधी देव कुटला? दर्याच."

पुढच्या साप्ताहिक सुटीला आत्माराम पालीला गेला. पाणी बरंच खाली गेलं होतं. पायऱ्यांवरून उतरून तो विहिरीत शिरला आणि डावीकडून फिरायला लागला. दहा हातांत तो कपारीला आदळला. पुन्हा निघाला, पुन्हा अंगाने उजवीकडे ओढ घेतली. काठावरून सोनूबाईने बघितलं आणि तिथूनच हाक दिली.

"आत्म्या, मेल्या, उलटा कुठं फिरतोस? घरात लेक लग्नाची आहे."

"काकी, सरळ जायला शिकतोय."

"विहिरीत सरळ जाऊन कुठं जाणार तू?" ती म्हणाली, आणि तो फेरा पुरा होईपर्यंत पुटपुटत देवीची माफी मागत राहिली.

परत येताना गाडीत खिडकीशी बसून आत्मारामने सगळं ओळीने लावलं. तो बुडत नव्हता, हे खरं. पण थोड्या वेळाने बुडला असता, हेही तेवढंच खरं. धाकूने वर घेतलं ते बरोबर केलं होतं. तेव्हा तक्रार मागे घ्यायला हवी. इथपर्यंत हिशेब चोख होता. पुढे मात्र गाडी अडत होती. पत्र मंडळाच्या सभेत वाचलं जाणार, आणि मंडळाचा रिवाज असा की शर्यतीसंबंधीचा प्रत्येक कागद जेटीवरच्या फळ्याला लागायचा. वर्षभर ज्या एका वाक्यासाठी तो भांडला होता, त्याच्या उलटं वाक्य स्वतःच्या सहीने फळ्यावर लावायचं. त्याने ठरवलं की आधी शर्यत पुरी करू, मग पत्र देऊ. पायरीला हात लावून आलेल्या माणसाला कोण काय म्हणणार?

भिकाजी आता यायला तयार होता. धाकूने शब्द टाकला होता. रोज सकाळी मात्र भाट्याला होडी असे ती धाकूची. त्याने कुणी न सांगता हे काम अंगावर घेतलं होतं. होडी तो आत्मारामच्या उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूने ठेवी. आत्माराम श्वास उजवीकडेच घेई, म्हणजे दर दुसऱ्या हाताला त्याला होडीची फळी आणि वर धाकूचं तोंड दिसे. वळायला लागला की धाकू वल्हं एकदा फळीवर ठोकी. महिन्याभरात ठोके कमी झाले. गेले मात्र नाहीत.

बारा जानेवारीला सकाळी अंग पुसता पुसता आत्मारामने विचारलं, दीपगृहाच्या पुढे पाणी कुठे ओढतं हे भिकाजीला ठाऊक आहे ना?

"त्याला समदा ठावा हाय," धाकू म्हणाला. "फकस्त तुमी त्याला ठावं नाय."

त्या दिवशी दुपारच्या ड्यूटीत आत्मारामने देवरूखची गाडी राजापूरच्या फलाटाला लागल्याचं पुकारलं. लोक पेट्या, पिशव्या उचलून धावले आणि परत धावले. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चुकीची दुरुस्ती पुकारून तो खुर्चीत बसला, खणातून कोरा कागद काढला आणि लिहायला लागला.

चौदा तारखेला त्याने तो हरिश्चंद्ररावांच्या पुढ्यात ठेवला. १६ फेब्रुवारी १९८६ रोजी मी वाट चुकून खोल समुद्राकडे जात होतो व हाकांना उत्तर देत नव्हतो. धाकू डोर्लेकर यांनी मला वर घेतले ते योग्य केले. माझी तक्रार चुकीची होती व ती मी मागे घेतो. हरिश्चंद्ररावांनी वाचलं, चष्मा काढला आणि अवघडून सांगितलं की नियमात शब्द धोका असा आहे. पोहणारा धोक्यात होता असं स्पष्ट आलं, तरच धाकूचं नाव यादीत परत घेता येतं. नुसतं वाट चुकून चालणार नाही.

आत्मारामने पेन मागून घेतलं. खोल समुद्राकडे जात होतो, याच्यापुढे त्याने लिहिलं, व माझ्या जिवाला धोका होता. मग अर्जावरच्या कोऱ्या ओळीत धाकू डोर्लेकर हे नाव लिहिलं. सही धाकूने संध्याकाळी येऊन केली, अक्षरं एकेक लावत. भिकाजीला काय सांगणार, असं आत्मारामने विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्याची होडी दुरुस्तीला हाय.

पत्र फळ्याला लागलं आणि दोन दिवसांत स्टँडवर आलं. एका ड्रायव्हरने खिडकीत वाकून विचारलं, कंट्रोलर, गाडी फाट्यावरून सरळ नेऊ की खोल समुद्राकडे? आत्मारामने त्याला गाडी सुटण्याच्या वेळेची चिठ्ठी दिली आणि म्हणाला, तुला धाकू मिळाला तर कुठंही ने. ड्रायव्हर हसला. मग तोही हसला. चार-पाच दिवस गंमत चालली आणि नंतर लोकांना दुसरं काही सापडलं.

८ फेब्रुवारी १९८७, रविवार, दशमी. साडेसातला भरती भरली आणि पाणी उभं राहिलं तेव्हा चौदा जण मिरकरवाड्याहून निघाले. आत्माराम वयाने सगळ्यांत मोठा. भगवती बंदर मागे पडेपर्यंत पुढचे दिसेनासे झाले. किल्ल्याच्या पश्चिम अंगाला लाट थोडी मोठी होती. उजवीकडे फळी, वर धाकू. हात मोजणं चालू होतं. दीपगृह दिसायला लागलं आणि ते शांत पोहणं आलं, तेच, गेल्या वर्षीचं. हात सुरेख पडू लागले. आत्मारामला कळलं की आता फसगत सुरू झाली.

ठोका आला. तो डावीकडे वळला. पुन्हा ठोका. वळला. आपण सरळच जातो आहोत असं त्याचं सगळं अंग सांगत होतं, आणि धाकूचं वल्हं नाही म्हणत होतं. इथे त्याने अंगावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. प्रत्येक ठोक्याला तो न समजता, न पटता वळत राहिला. एकदा फळी हाताच्या बोटभर अंतरावर आली, तेव्हा धाकूने वल्हं उलटं मारून होडी अशी बाहेर काढली की पाणी त्याच्याच अंगावर उडालं. "हात आत," तो दरडावला. एवढंच तो सबंध शर्यतीत बोलला.

नागमोडी वाटेने अंतर वाढत होतं. मांडवीच्या वळणावर ओहोटीचं पाणी समोरून आलं. खाडीचं पाणी बाहेर पडायला लागलं होतं आणि दहा हात पुढे गेलं की तीन हात मागे. धाकू होडी त्याच्या बाजूला रेंगाळत ठेवून होता. मथुरा जेटीच्या टोकाला उभी होती; तिचा हिरवा पदर त्याला दिसला, मग बराच वेळ तेवढाच दिसत राहिला, जवळ येईना. मग शेवाळलेली पायरी हाताला लागली.

दोन तास नऊ मिनिटं झाली होती. बक्षिसं वाटून झाली होती, मांडवाचे बांबू सोडत होते. हरिश्चंद्रराव पायऱ्या उतरून स्वतः खाली आले. प्रमाणपत्र दोन तासांच्या आतल्यांनाच देता येतं, ते म्हणाले, नऊ मिनिटांसाठी मला वाईट वाटतं, पण नियम. आत्मारामने मान हलवली. उशिरा आलेली गाडी उशिरा आली असंच लिहायचं असतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"पोचलात मात्र," हरिश्चंद्रराव म्हणाले.

"यांनी पोचवलं," आत्माराम म्हणाला, आणि जेटीवर उभ्या असलेल्या सात-आठ माणसांना ऐकू जाईल अशा, माईकवरच्या आवाजात पुढे बोलला, "गेल्या वर्षीही यांनीच पोचवलं होतं."

धाकू होडीचा दोर खुंटाला बांधत होता. त्याने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मग वर येऊन त्याने आत्मारामच्या काखेत हात घातला, गेल्या वर्षी घातला होता तसाच, कारण पायऱ्या निसरड्या होत्या.

तिघं जेटीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर बसली. येत्या पावसात पालीला फेरे डावीकडून मारायचे, दर खेपेला शंभर, आणि उजवीकडून शंभर, असं आत्माराम सांगत होता. काकीला काय सांगणार, मथुराने विचारलं. धाकू म्हणाला की काकीला मी सांगतो, एकदा विहीर बघायचीच आहे, माणसाला बिघडवणारी. तीन चहा आणि दोन प्लेट कांदाभजी झाली. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आत्मारामच्या अंगावर पंचा होता, धाकूच्या कमरेला नुसता चाकू, आणि मथुराची पिशवी सायकलवर मिरकरवाड्यालाच राहिली होती. टपरीवाला म्हणाला, उद्या द्या. दुसऱ्या दिवशी टपरी बंद होती. तो गावी गेला होता आणि परत आला नाही. गाव कुणालाच ठाऊक नाही. पाच रुपये चाळीस पैसे त्याचं देणं आहे.